आढाव्यातल्या चाचण्या तपासल्या कोणी?

संपादक महोदय,

औषधाच्या बातमीत ‘२४ चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष’ असे छापून आले, की वाचक निर्धास्त होतो. पण आतल्या चाचण्या खरोखर झाल्या का, हे असे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडणारे बरेच आढावाकार विचारतच नाहीत.

कोविडवर वापरल्या गेलेल्या आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाचे प्रकरण आठवावे. मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना १२ मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस देण्याची घोषणा झाली. जुलैत प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-अॅनालिसिसने (अनेक चाचण्यांच्या आकड्यांचे एकत्रित गणित) ११ चाचण्या एकत्र करून मृत्यूंत ५६ टक्के घट दाखवली. हा आकडा उभा होता जेमतेम १२८ मृत्यूंवर: औषध घेतलेल्या १०६४ जणांत ३५, न घेतलेल्या १०६३ जणांत ९३. मृत्यू इतके थोडे असले, की एखादी मोठी चाचणी बाद होताच निकाल डळमळतो. त्याच महिन्यात, या गणितात धरलेल्या इजिप्तमधल्या एका चाचणीची पूर्वप्रत (तज्ज्ञांच्या तपासणीआधी प्रसिद्ध केलेला निबंध) ती ठेवणाऱ्या संकेतस्थळाने मागे घेतली. तिच्या मूळ नोंदींत रुग्णांच्या त्याच त्या ओळी पुन्हा आढळल्या होत्या, आणि काही मृत्यूंच्या तारखा चाचणी सुरू होण्याआधीच्या होत्या! मेटा-अॅनालिसिसच्या लेखकांनी गणित नव्याने मांडले. संशयास्पद आणि सदोष चाचण्या वगळल्यावर जीव वाचण्याचा फायदा उरला नाही.

वैद्यकीय आढावे करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात ही इजिप्तमधली चाचणी मुळातच नव्हती. लबाडी कोणाच्या लक्षात आली होती म्हणून नव्हे. तुलनेच्या गटाला दुसरे अप्रमाणित औषध दिलेल्या चाचण्या घ्यायच्या नाहीत, असा त्यांचा निकष होता, आणि इजिप्तमध्ये तुलनेला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन होते. २०२२ मध्ये त्यांनी चाळणी आणखी बारीक केली आणि स्वतःच्याच १४ पैकी ७ चाचण्या वगळल्या. त्यांतल्या सहांची आगाऊ, म्हणजे रुग्ण घेण्याआधी, नोंदणी नव्हती.

आढाव्याचा दर्जा जोखणारी ‘अॅमस्टार-२’ ही १६ प्रश्नांची यादी उपयुक्त आहे, पण ती आढावाकारांची पद्धत तपासते. मूळ आकडे बनावट आहेत का, हे ती विचारत नाही. चाचण्यांच्या निकालांतली तफावत सांगणारा आय-स्क्वेअरही इथे कामाचा नाही. बनावट आकडे इतरांशी छान जुळू शकतात.

तेव्हा बातमी देण्याआधी आढाव्याचा आराखडा ‘प्रॉस्पेरो’ या आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत कधी नोंदला आणि नंतर निकष बदलले का, ते पाहावे. मग एकत्रित निकालात सर्वांत जास्त वजन मिळालेल्या दोन-तीन चाचण्या घेऊन नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या तारखेशी ताडावी. भारतातल्या चाचण्यांसाठी या दोन्ही तारखा सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य दिसतात. सदोष चाचण्या वगळून काढलेला निकाल बहुधा परिशिष्टात दडलेला असतो. तो मथळ्यातल्या आकड्याशी जुळत नसेल, तर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत.

— वैद्यकीय संख्याशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे