‘विंडो’मधला डोळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेजारची सहावीतली मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. परवा तिच्या वहीत लाल पेनाने चौकट करून लिहिलेलं दिसलं : ‘विंड + डोअर = विंडो, म्हणजे वाऱ्याचं दार.’ गाइडमधून उतरवलेलं. ऐकताक्षणी पटतं, पण चूक आहे. खरी व्युत्पत्ती इतकी सुंदर असताना मुलांच्या हाती ही पडावी, याचं फार वाईट वाटलं.

हा शब्द इंग्रजीत आला तो व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून. मूळ रूप ‘विंदाउगा’. ‘विंद्र’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. काचेचं तावदान नसलेलं, वारा आत घेणारं भोक म्हणजे घराचा वाऱ्याचा डोळा! इंग्रजीत तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून लिहिलेला सापडतो. त्याआधी इंग्रज खिडकीला ‘एआग्थिर्ल’ म्हणत, म्हणजे डोळ्याचं भोक. डोळा तिथेही होताच. (हे ‘थिर्ल’ आजही ‘नॉस्ट्रिल’मध्ये टिकून आहे : नाकाचं भोक.)

आता आपला ‘गवाक्ष’ घ्या. गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरचं ते भव्य अश्वनालाकृती गवाक्ष आठवा. आत पार टोकाला असलेल्या स्तूपापर्यंत उजेड पोचतो तो तिथूनच. ‘वातायन’मध्ये तर वारा आहेच. आणि नातं नुसतं कल्पनेचं नाही. नॉर्स ‘आउगा’ आणि संस्कृत ‘अक्षि’ एकाच प्राचीन मुळातून निघाले, ‘विंद्र’ आणि ‘वात’ही तसेच. म्हणजे ‘विंडो’ शब्द फोडला की हाती येतात ते वात आणि अक्षि, आपल्याच घरातले. मी हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा ती मुलगी क्षणभर खिडकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मग मीनाक्षीतला पण तोच डोळा ना, बाई?” तोच!

कानाला जुळलं म्हणून शब्दाचे तुकडे पाडायचे आणि ते मुलांकडून पाठ करून घ्यायचे, हे थांबायला हवं. व्युत्पत्तीला जुन्या लेखनाचा पुरावा लागतो आणि तो कोशात मिळतो. आपल्या रविवार पुरवणीतल्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला एका शब्दाची अशी पडताळलेली जन्मकथा छापावी, ही कळकळीची विनंती. पहिला मान ‘नॉस्ट्रिल’ला द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, तळेगाव दाभाडे