पिकअपमधील जादा डिझेल टाकी: इंजिनाला जोडू नका, शेतापर्यंत नेण्याची सोय करा

महोदय,

उसाचा गाळप हंगाम आणि द्राक्षांची काढणी एकाच वेळी भरात येते, तेव्हा तासगाव, पलूस, वाळवा आणि कऱ्हाड या पट्ट्यात हौद्यामध्ये केबिनला लागून लोखंडी टाकी बसवलेल्या पिकअप सर्रास दिसतात. या टाक्यांमागची गरज खरी आहे. ऊसतोडणी यंत्र दिवसाला शंभर-दोनशे लिटर डिझेल सहज पिते, ते चिखलाच्या पाणंदीतून पंपावर नेता येत नाही, आणि कॅनमधून डिझेल ओतत बसले की तोडणीचा अर्धा तास वाया जातो. माझा आक्षेप टाकीला नसून ती ज्या तऱ्हेने बनवली आणि जोडली जाते त्याला आहे. हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे.

चुलतभावाच्या तोडणी यंत्राला डिझेल पोहोचवण्यासाठी मी माझ्या पिकअपमध्ये २०० लिटरची टाकी बसवून घेतली. टाकी झालीच आहे तर गाडीलाही तिचा उपयोग व्हावा, या मोहाने फॅब्रिकेशनवाल्याकडून तिच्या तळाशी कॉक लावून एक नळी थेट मूळ टाकीत सोडली. मध्ये पंप नव्हता आणि मूळ टाकी भरल्यावर प्रवाह आपोआप थांबेल अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. वरची टाकी उंचावर असल्यामुळे कॉक उघडा राहिला तर डिझेल उतरतच राहणार, ही साधी गोष्ट ना त्याच्या लक्षात आली, ना माझ्या. वाशीच्या बाजारात द्राक्षे उतरवून परतताना शिरवळला चहासाठी थांबलो असता कॉक उघडला आणि तो बंद करायचे राहून गेले. खंबाटकी घाटाच्या चढावर मूळ टाकी भरून झाकणातून डिझेल वाहू लागले, आणि मागून येणारा एक तरुण त्या ओघळावर दुचाकीसह घसरला. त्याला खरचटण्यावर निभावले. मागे मालट्रक असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

घरी आल्यावर ती नळी मी कापून टाकली. काही आठवड्यांनी इंजिन झटके देऊ लागले, तेव्हा दुसरी चूक कळली. टाकी जीआय पत्र्याची होती. या पत्र्यावरील जस्ताची डिझेलमधील आम्लांशी प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टरमधून पुढे जाऊन इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये बसतो. जुन्या इंजिनांनी कदाचित हे काही काळ सोसले असते. आताच्या कॉमन रेल (फार उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांचे इंजेक्टर इतके सूक्ष्म छिद्रांचे असतात की थोडासा थरही त्यांना तुंबवायला पुरतो. तांब्याच्या नळ्याही वर्ज्य, कारण तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होते. भंगारातील पिंप कापून त्याची टाकी करणे तर सर्वांत घातक आहे, कारण रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात उरलेल्या वाफांचा वेल्डिंगच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो आणि त्यात प्रथम बळी जातो तो वेल्डिंग करणाऱ्या पोराचा.

आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २०० लिटर डिझेलचे वजन सुमारे १६५ ते १७० किलो भरते आणि अर्धवट भरलेल्या टाकीत ते वळणावर एका बाजूला झेपावते. आत आडवे पडदे नसतील तर हौद्याला मारलेले दोन-चार बोल्ट हा हिसका किती दिवस पेलणार? टाकी काठोकाठ भरणेही चुकीचे आहे, कारण पहाटेच्या गारव्यात भरलेले २०० लिटर डिझेल दुपारी २० अंशांनी तापले तर तीन लिटरहून अधिक फुगते, आणि जागा नसेल तर ते बाहेरच येणार. त्याच हौद्यात द्राक्षांच्या पेट्या ठेवल्या तर मालाला डिझेलचा वास लागतो, तो वेगळाच.

कायद्याबाबतही आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. डिझेल नेणे हाच गुन्हा, असे काहींना वाटते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ७ नुसार डिझेल ज्या ‘ब’ वर्गात मोडते त्याची वाहतूक किंवा साठा एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरहून मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. दुसरीकडे, गाडी आपली म्हणून तिच्यात हवा तो बदल करता येतो, अशी समजूत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई केली आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनीने याच बदलावर बोट ठेवले तर मालकाने काय उत्तर द्यावे?

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की इंजिनाला जोडलेली दुसरी टाकी आपल्या भागात कोणालाच लागत नाही. तासगावपासून वाशीपर्यंत महामार्गावर जागोजागी पंप आहेत. गरज आहे ती फक्त शेतातील यंत्रापर्यंत डिझेल नेण्याची. त्यासाठी स्वतंत्र, उतरवता येणारी, आत पडदे असलेली, पक्की कसलेली आणि स्वतःचा पंप व नोझल असलेली टाकी पुरते. सांगली, सातारा आणि कऱ्हाड येथील परिवहन कार्यालयांनी नागपूरच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या सल्ल्याने अशा टाकीचे निकष मराठीत जाहीर करावेत आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांपर्यंत ते पोहोचवावेत. साखर कारखान्यांनीही पुढील हंगामापूर्वी गट कार्यालयनिहाय मान्यताप्राप्त डिझेल बाउझरची (जागेवर डिझेल पोहोचवणाऱ्या टँकरची) व्यवस्था करावी. तोडणीचे वेळापत्रक त्यांच्याच शेती विभागाकडे असल्याने कोणते यंत्र कोणत्या शिवारात आहे हे त्यांना रोज ठाऊक असते.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
तासगाव (जि. सांगली)