‘रिपीट’ लिहिण्याआधी क्रिएटिनिन पाहावे: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

पालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहाच्या गोळ्या मिळतात म्हणून मुंबईतील असंख्य वृद्धांचे उपचार चालू राहतात, हे मी औषधांच्या काउंटरवर नोकरी केल्यामुळे जाणते. माझे म्हणणे त्या गोळ्यांतील एकाच गटाविषयी आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. वयपरत्वे मूत्रपिंड मंदावले की त्यांचा अंमल लांबतो. आणि रक्तातील साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरल्यावर तिला सावरणारी ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरके जुन्या मधुमेहींत पुरेशी स्रवत नाहीत. त्यामुळे थरथर, धडधड अशी पूर्वसूचना न मिळताच रुग्ण बरळू लागतो किंवा तोल जाऊन पडतो, आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. रक्तदाबासाठी अटेनोलॉल चालू असेल, तर ही लक्षणे आणखीच झाकली जातात.

आमच्या चाळीतील एका आजींनी संकष्टीला सकाळची गोळी नेमाने घेतली. चंद्रोदय व्हायचा होता आणि त्या सुनेला ओळखेनाशा झाल्या; ग्लुकोज चढवल्यावर भानावर आल्या. त्यांच्या केसपेपरवर ओळीने ‘रिपीट’, म्हणजे त्याच गोळ्या पुन्हा, असे लिहिलेले होते; मूत्रपिंड कितपत काम करते हे सांगणाऱ्या क्रिएटिनिन या रक्तचाचणीचा आकडा कुठेही नव्हता. (उपास सोडा म्हटले असते तर त्यांनी ऐकले नसते; त्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे मात्र नक्की ऐकले असते.)

ग्लिबेनक्लामाइड साठीपुढील रुग्णांना योग्य नाही, अशी स्पष्ट टीप जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. टेनेलिग्लिप्टिन हे मधुमेहाचे दुसरे औषध, जे एकटे दिल्यास साखर सहसा फार उतरवत नाही, ते २०२२ पासून आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे पर्याय नाही असे नाही.

तेव्हा साठीपुढील प्रत्येक मधुमेहीची क्रिएटिनिन चाचणी वर्षातून एकदा तरी व्हावी आणि तो आकडा केसपेपरवर नोंदवल्याशिवाय या गोळ्या पुन्हा लिहून देऊ नयेत. ग्लिबेनक्लामाइड या वयोगटासाठी बंद करावे. आणि जेवण चुकल्यास किंवा उपास असल्यास गोळीचे काय करावे, हे गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत छापावे.

याबाबत पालिकेचा निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त औषधनिर्माती, लालबाग, मुंबई