पाळण्याला हात लावू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

कालच फोनवर बोलले, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि मग आपल्याच मनाचं करतात. कागदावरचं मात्र ते दोनदा वाचतात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला का होईना.

बाबा, मुद्दा पाळण्याचा आहे. पण त्याआधी एक कबुली देते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही कोण मला शिकवणार. तुमच्या टेबलाला मी रंग दिला. सागवानाला रंग फासणाऱ्याबद्दल तुमचं काय मत आहे ते लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे पुढचं वाचण्याआधी कागद आईच्या हातात देऊन उठू नका. वरची फळी जशी होती तशीच आहे. रंग दिलाय तो चार पायांना आणि खणांच्या दर्शनी फळ्यांना. पायांची खालची चार बोटं फरशी पुसून पुसून काळी पडली होती, आणि मागच्या एका पायाला कधीतरी जोडलेला तुकडा सागाचा नाहीच, भलत्याच लाकडाचा आहे. तो कितीही पॉलिश केला तरी वेगळाच दिसायचा. आता दिसत नाही.

फळीचं पॉलिश कसलं आहे ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून टेबल उलटं केलं आणि खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरला. बोळा तपकिरी झाला आणि बोटाला चिकटा आला. म्हणजे लाखेचं पॉलिश, चपडीचं. स्पिरिटने काही झालं नसतं आणि थिनरने विरघळलं असतं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नसती, तर नव्या जमान्याचं पॉलीयुरेथेन किंवा तसलं काहीतरी. चपडी असल्याचा फायदा असा की नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, सगळं खरवडून काढावं लागत नाही. तुमच्या गरम पेल्याचं ते पांढरं कडं आठवतंय? तो डाग लाकडावर नव्हताच. वाफेचा ओलावा पॉलिशमध्ये अडकून राहिला होता. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं त्यावरून हलकेच दोन-तीनदा फिरवलं आणि कडं गेलं. इतकी वर्षं आपण त्यावर वर्तमानपत्र अंथरत होतो!

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाही. आधी एका स्टुलाचा बळी दिला आहे. माळ्यावरचं ते हिरवं स्टूल. त्यावर आधीचा ऑइल पेंट होता, चकचकीत. मी फडक्याने धूळ झटकली आणि थेट पाण्यातला रंग मारला. आठ दिवस इतकं देखणं दिसत होतं की मी आईला फोटोसुद्धा पाठवला. नवव्या दिवशी त्यावर चढून बल्ब बदलला, उतरताना नख लागलं आणि रंगाचा पापुद्रा सापाच्या कातीसारखा अख्खा सुटून आला. खाली हिरवा तस्साच, हसत असल्यासारखा. रंगाला धरायला काहीतरी खरखरीत लागतं. तुळतुळीत ऑइल पेंटवर पाण्याचा रंग नुसता बसून राहतो, चिकटत नाही. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढायचा, मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने नुसती चकाकी मरेपर्यंत घासायचं, मग प्रायमर, मग रंग. (स्टुलाचा हिरवा अलीकडचा आहे, तुमच्या डोळ्यांदेखत मीच आणलेल्या डब्यातला, म्हणून घासायला हरकत नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आई, तू विचारलं होतंस की हल्ली तो न घासता लावायचा खडूसारखा रंग मिळतो तो का नाही वापरला. चॉक पेंट. अ‍ॅनी स्लोन नावाच्या बाईंनी 1990 मध्ये इंग्लंडमध्ये तो काढला, आणि खरंच तो बहुतेक पृष्ठभागांना धरतो. आरशाच्या चौकटीला मी तोच लावला आहे, छान मऊ, पिठासारखा दिसतो. पण त्यावर मेण चोळावं लागतं, आणि रोजच्या वापराच्या फळीवर मेण फार टिकत नाही. शिवाय "न घासता" म्हणजे "न धुता" नव्हे. तेलकट बोटांच्या ठशांवर कुठलाच रंग बसत नाही.

आता शाईचा डाग. उजव्या खणाच्या फळीवर तो निळा-जांभळा डाग होता, माहीत आहे ना? प्रायमर मारला, वर पांढरा रंग मारला, रात्री झोपले. सकाळी डाग हजर. जरा फिका, पण आकार तोच, डाव्या बाजूला शेपटी असलेला. दुसरा हात मारला. दुपारपर्यंत पुन्हा वर. तिसऱ्या हातानंतर मला वाटायला लागलं की हा माझ्याशी वैर धरून आहे. कारण साधं निघालं: रंगातल्या पाण्यात जुनी शाई पुन्हा विरघळते आणि रंग वाळता वाळता पाण्याबरोबर वर चढते. तुम्ही दहा हात मारा, ती दहा वेळा वर येणार. सागवानाचा तपकिरी रस आणि गाठींमधला राळही असाच वर येतो. त्यावर उपाय तुमच्याच कपाटात होता, बाबा. चपडी. स्पिरिट काही मिनिटांत उडून जातं, शाईला वर चढायला वेळच मिळत नाही, आणि मागे जो पातळ थर उरतो त्यातून पाणी सहजी आत जात नाही. डागावर चपडीचे दोन हात, वर पांढरा. पंधरा दिवस झाले, अजून तरी वर आलेला नाही.

डागाची दुसरी गोष्ट म्हणजे ती दौत दादाने सांडली नव्हती. मी सांडली होती. दादाने मार खाल्ला आणि मी दाराआड उभी राहून बघत होते. इतक्या वर्षांनी सांगते आहे कारण तिसऱ्या हातानंतरही तो डाग वर आला तेव्हा मला हसू आलं आणि नंतर जरा कसंसंच झालं. तुम्ही त्याला सांगू नका, मी सांगेन.

खणांच्या बाबतीतही एक गाढवपणा केला. उत्साहात खणांच्या बाजूच्या फळ्याही रंगवल्या. दोन हातांची जाडी कागदाएवढीसुद्धा नसते, पण खणाच्या खोबणीत तेवढीही पुरते. वर दोनच दिवसांत खण आत ढकलला. रंग हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतून पक्का होणं वेगळं. हाताला काही तासांत कोरडा लागतो, पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. त्या मुदतीत दोन रंगवलेल्या कडा एकमेकींना टेकल्या की चिकटतात. खण ओढला तेव्हा चर्रर आवाज झाला आणि चौकटीवरचा रंग बोटभर सोलून निघाला. बाजूचा सगळा रंग खरवडला, उघड्या लाकडावर आईची युक्ती वापरली: मेणबत्ती घासली. आता खण एका बोटाने सरकतो.

आणि आई, पांढऱ्या कपाटाचं कोडं सुटलं. दाराची आतली बाजू पिवळी पडली होती आणि बाहेरची पांढरी राहिली होती, तू त्याचा दोष डांबराच्या गोळ्यांना द्यायचीस. गोळ्या निर्दोष आहेत. तेलातला पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो, उजेडात राहिला तर तितका पडत नाही. कपाट बंदच असायचं, म्हणून आतून पिवळं.

एवढ्या चुका सांगून झाल्यावर आता पाळण्याकडे येते.

परवा आई सहज म्हणाली की बाबांनी पाळणा माळ्यावरून काढलाय, एका दांडीवर पॉलिश पेपर मारून पाहिलाय, वहिनी यायच्या आत घासून नवा रंग देणार आहेत. बाबा, हौस समजते. त्यात दादा झोपला, मी झोपले. आणि नेमकं म्हणूनच सांगते आहे: त्याला हात लावू नका. रंगाचाही नको आणि पॉलिश पेपरचा तर मुळीच नको.

तो पिवळाधमक रंग दादाच्या वेळचा आहे. त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसं घालत. रंग लवकर वाळतो, टिकतो, आणि पिवळा-तांबडा विशेष झळझळीत येतो, म्हणून. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्येच बंदी आली. भारतात घरगुती रंगात दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको हा नियम लागू झाला तो 2017 च्या नोव्हेंबरात. आपला पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं असेलच असं मी म्हणत नाही, पण पिवळा रंग आणि ते वर्ष बघता नाही म्हणायची माझी छाती नाही. प्रयोगशाळेत रंगाचा तुकडा देऊन तपासता येतं, आणि ते कळेपर्यंत आहे असंच धरायचं.

रंग धड असेल तोवर तो नुसता तिथे असतो. घासला की त्याची धूळ होते, डोळ्यांना न दिसणारी, आणि ती फरशीवर, चादरीवर, पडद्यावर बसते. रांगणारं मूल हात फरशीवर टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात शिसं फार जास्त शोषलं जातं आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. पोटातल्या बाळापर्यंतही ते आईच्या रक्तातून पोचतं, आणि वहिनी पुढच्या महिन्यात तिथे राहायला येणार आहे.

म्हणून आजच एवढं करा. जिथे दांडी घासलीत ती जागा झाडू मारून साफ करू नका, झाडूने धूळ उडते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही नको, तो बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, पाणी दोनदा बदला, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. तेव्हा अंगात असलेला सदरा वेगळा धुवा. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. आणि गरम हवेच्या यंत्राने (हीट गनने) तापवून रंग काढायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. जास्त तापवला तर शिशाची वाफ होते, ते धुळीपेक्षा वाईट.

आणि समजा रंग निर्दोष निघाला, तरी पाळणा बाळासाठी नकोच. मी तुमच्याकडचा जुना फोटो काढून बघितला. दोन दांड्यांमधल्या फटीत माझी अख्खी मूठ मावली आहे आणि मी सहा महिन्यांची आहे. आता नियम असा की फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. आम्ही दोघं नीट वाढलो हे खरं. तुम्ही हेच म्हणणार, म्हणून आधीच लिहून ठेवलं.

पाळणा टाकूनही देऊ नका. दांड्या भक्कम आहेत, सांधे अजून हलत नाहीत. त्याला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवा. मी आले की ओल्या फडक्याने नुसता पुसेन, चांगला पकडणारा प्रायमर देईन, वर दोन हात रंग. न घासता, जुना थर आतच बंद करून. मग त्यात आईच्या लोकरीचे गुंडे राहतील, आत्ता ते तीन पिशव्यांत फिरत असतात. फक्त बाळ रांगायला लागलं की तो पाळणा आईच्या खोलीत कुलपाआड, कारण दात आलेलं मूल रंगवलेल्या दांडीवर पहिलं तोंड मारतं. रंग कुठला हवा ते आईने सांगायचं. पिवळा सोडून.

बाबा, टेबलाचा रंग पक्का व्हायला अजून दहा दिवस आहेत, तोवर इथे यायचं म्हणू नका. नंतर या, खुर्ची ओढून बसा. पाय आवडले नाहीत तर तुम्ही टेबलाखाली बघायचंच नाही, वरची फळी तुमची आहे. गरम पेला मात्र बशीत ठेवायचा.

आई, त्या दांडीखालची फरशी पुसून झाली की मला एका ओळीत कळव.

तुमची,
धाकटी

ता. क. दादाला फोन केला. शाईचं सांगितलं. तो म्हणाला, त्याला तेव्हाच माहीत होतं.