झोपेची गोळी मागण्याआधी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमचे बाबा ७४ वर्षांचे, दुपारी जेवून दीड ते चार मस्त झोपायचे, पाचला कडक चहा, रात्री साडेआठलाच अंथरुणावर, आणि मग दोन वाजता जाग आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहायचे. झोपच येत नाही म्हणून मेडिकलमधून गोळी आण म्हणाले. डॉक्टरांनी आधी दिनक्रम विचारला आणि सांगितलं की या वयात अशा गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आधी सवयी बदलून बघा.

मग दुपारची झोप २० मिनिटांवर आणली (सुरुवातीला खूप चिडले!), चहा दुपारी दोननंतर बंद कारण कॅफिन कितीतरी तास अंगात राहतं, घड्याळ काढून टाकलं. रात्री डोळे जड झाल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात खुर्चीत बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचंच. हे उठणंच सगळ्यात महत्त्वाचं. उठले की कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर कोवळ्या उन्हात फिरतात, त्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं. महिनाभराने पहाटे पाचपर्यंत सलग झोपले, आईने मला उठवून सांगितलं.

घोरताना श्वास अडकत असेल किंवा लघवीला सारखं उठावं लागत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. पण म्हातारपणी झोप कमीच होते म्हणून कृपया घरच्यांना गप्प बसवू नका.

– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक