भाकरीवाल्या मावशींना उघडं पत्र

ती. मावशींना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही मला हाकलून लावाल, म्हणून इथं चारचौघांत लिहितोय. नातवाला मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा. मध्येच 'पुरं झालं' म्हणू नका.

मी कॉलेज करत कोल्हापुरातल्या आपल्या मटणाच्या खानावळीत वेटर म्हणून लागलो. रविवारी दुपारी तिथं उभं राहायला जागा नसायची. वस्ताद पांढऱ्या रश्श्याजवळून हलायचा नाही, कारण नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी आली की रस्सा फाटतो. बाहेर गिऱ्हाईक 'तांबडा आणा, पांढरा आणा' करून ओरडणार आणि उशिराचा सगळा राग वेटरवर निघणार. तुम्ही मात्र शेगडीजवळ निवांत. एक भाकरी परातीत, एक तव्यावर, एक जाळावर फुगतेली. चिठ्ठीकडं न बघता मला सांगायचा, "पाच नंबरला मऊ दे, म्हातारं माणूस हाय. कोपऱ्यातल्यांना थांब म्हणावं, मी काय मशीन न्हाई."

चार वाजता स्टाफचं जेवण. तोवर मटण संपलेलं, पांढऱ्याचा तळ दिसतेला. पण फडक्यात गुंडाळलेली भाकरीची चवड असायचीच. भांडी घासणारा नेपाळचा पोरगा आधी बसायचा, मग आम्ही. हा क्रम तुमचा. मालकानंही कधी मोडला नाही.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आला तेव्हा शाहूपुरीतल्या माझ्या खोलीत पाणी शिरलं. वस्तादाचं आंबेवाडी तर पाण्याखालीच गेलं. हायवे बंद, दुधाची गाडी नाही, हॉटेलला कुलूप. तुमचं पाचगाव उंचावर, म्हणून तुमच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे येऊन पडलो, वस्तादाची बायकापोरं धरून. तुमच्या सुनेनं एकदाही कपाळाला आठी घातली नाही. तिचेही आभार, ते राहूनच गेले होते.

पाणी उतरल्यावर तुम्ही भिशी काढलीत. दर दहा तारखेला माणशी हजार रुपये. चिठ्ठी टाकायचीच, पण अडलेला कुणी असेल तर त्या महिन्याला चिठ्ठी नाही, पैसे त्याचे. पहिले वस्तादाला गेले, घराच्या भिंतीसाठी. वहीवर सही नाही, अंगठा नाही. मी बी.कॉम.चा, मला हे जरा धोक्याचंच वाटलं होतं!

मग 2020 चा लॉकडाऊन. नंतर नुसतं पार्सल चाललं आणि शेवटी हॉटेलच बंद पडलं. एकत्र काम करणारी माणसं अशा वेळी पांगतात, त्यात कुणाचा दोष नसतो. आम्हीही पांगलो असतो. पण दहा तारखेला तुमचा फोन यायचाच. "जमंल तेवढं टाका, न्हाई जमलं तर नुसतं बोला." काही महिने भिशीत पाचशे-सातशेच जमले. त्यातलेच तुम्ही मला दिलेत, टॅलीच्या क्लासची फी भरायला. माझा नंबर शेवटचा होता. तुमचा तेव्हा गुडघा दुखत होता आणि एक्स-रे पुढं ढकललेला, हे मला फार उशिरा सुनेकडून कळलं.

आज मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो. वस्ताद लग्नाच्या ऑर्डरी घेतो. नेपाळचा पोरगा गोव्याच्या हॉटेलात कुक झालाय, तिथून गुगल पे करतो आणि तिथल्या लोकांना जोंधळ्याची भाकरी खायला घालतो म्हणून फुशारकी मारतो. भिशी चालू आहे. वही आता माझ्याकडं आहे.

एकच सांगायचं राहिलं. या महिन्याला चिठ्ठी टाकायची नाही असं आम्ही परस्पर ठरवलंय. डॉक्टरांची वेळ शुक्रवारी सकाळी अकराची मिळालीय. वस्ताद दहाला रिक्षा घेऊन दारात येईल. आधीचे कागद पिशवीत घालून ठेवा, आणि 'गुडघा बरा हाय' हे त्याला सांगू नका, तो ऐकणार नाही.

तुमचा,
चार नंबर टेबलवाला