युरियाच्या गोणीसोबत आलेला समुद्र

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून समुद्र पाचशे किलोमीटरवर. मी तो एकदाच पाहिला, मुंबईला भाचीच्या लग्नाला गेले तेव्हा. यंदा मात्र तो घरीच आला, युरियाच्या गोणीसोबत. कृषी केंद्रवाला म्हणाला, "ताई, दोन गोण्या पाहिजेत तर एक टॉनिक घ्यावं लागते." याला लिंकिंग म्हणतात. बाटलीवर लिहिलं होतं, समुद्री शेवाळाचा अर्क. रागाने ती कोठ्यात टाकून दिली.

पुढे कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याने त्यातलं इंगित सांगितलं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बचत गटाच्या बाया बांबूचे तराफे बांधून कप्पाफायकस नावाचं शेवाळ वाढवतात. 45 दिवसांत ते काढणीला येतं. ताजं शेवाळ पिळून रस काढायची रीत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने बसवली. रस फवारणीला जातो, चोथ्यातून कॅराजिनन निघतं. ते आईस्क्रीम, टूथपेस्ट घट्ट करायला वापरतात. चोथासुद्धा वाया नाही! आमच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या अजून बांधावर जळतात.

मग बाटली उघडली. कपाशीची सहा तासं, म्हणजे ओळी, फवारली, सहा कोरी ठेवली. फवारलेल्या झाडांना एखाद-दुसरं बोंड जास्त दिसलं. पण ती तासं नाल्याकडची, तिथे ओल टिकते. श्रेय शेवाळाचं की नाल्याचं, कसं सांगू? पुतण्या म्हणतो, या रसात पालाश (पोटॅश) आणि वाढीची संप्रेरकं थोडी थोडी असतात, पण ते खत नाही. युरियाचं काम त्याने होत नाही. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं.

2021 पासून शेवाळाचे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. तरी कोरडवाहू काळ्या जमिनीत, कपाशी-तुरीवर, एकरी खर्च वजा जाता हाती काय उरतं, हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोचवावं. आणि कृषी विभागाने लिंकिंग बंद करावं. माल चांगला असेल तर आम्ही मागून नेऊ. गळ्यात मारलेली बाटली कोठ्यातच जाते, आणि तिकडे पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायांचं नाव उगाच खराब होतं.

अर्धी बाटली उरली आहे. पुढच्या हंगामात उंचवट्यावरची तासं घेणार आहे.

— एक कापूस उत्पादक महिला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ